सीईटीचा पर्सेंटाइल सात दशांशांपर्यंत का?

एमएचटी-सीईटीचा (इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरेंसाठीच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा) निकाल लागला की घरोघरी एक प्रश्न हमखास निघतो: ‘९५ पर्सेंटाइल, म्हणजे २०० पैकी १९० ना?’ नाही. पर्सेंटाइल म्हणजे टक्केवारी नव्हे. तुमच्या शिफ्टमध्ये (परीक्षेच्या ज्या सत्रात तुम्ही बसलात त्यात) किती टक्के परीक्षार्थींना तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण पडले, एवढंच तो सांगतो. समजा शिफ्टला २०,००० जण बसले आणि त्यातले १९,००० (तुम्ही धरून) तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, तर पर्सेंटाइल ९५. ‘धरून’ मोजत असल्यामुळे शिफ्टमधल्या पहिल्याला पूर्ण १०० मिळतात, मग त्याचे गुण २०० असोत की १७१.

प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा, म्हणून हा खटाटोप. जेईई मेनलाही २०१९ पासून हीच रीत आहे. ‘आमचा पेपर सोपा होता, फायदा झाला’ असं मुलं म्हणतात, पण होतं बऱ्याचदा उलटं. सोप्या पेपरात वरच्या गुणांवर गर्दी होते. गणिताचा एक प्रश्न दोन गुणांचा. तो चुकला आणि त्या दोन गुणांत ४०० जण दाटलेले असले, तर २०,००० च्या शिफ्टमध्ये तुम्ही २ पर्सेंटाइलने घसरता. अवघड पेपरात तिथे ६० च जण असतील, तर घसरण ०.३ ची. हॉल तिकिटाचा नंबर ‘शुभ’ आहे का, हे सांगणाऱ्यांना कृपा करून पैसे देऊ नका. या सूत्रात त्या नंबराला जागाच नाही.

आता दशांश. २०,००० च्या शिफ्टमध्ये एक विद्यार्थी म्हणजे ०.००५, तर १८,००० च्या शिफ्टमध्ये ०.००५५५५६. सगळ्या शिफ्ट एकाच मेरिट यादीत गुंफायच्या असतात. दोनच दशांश ठेवले तर साधारण १०,००० पायऱ्या होतात. चार लाख विद्यार्थ्यांसाठी पायरीमागे सरासरी ४० जण. कोणाला आधी जागा द्यायची? म्हणून सात.

ही रीत एका गृहीतकावर उभी आहे: सगळ्या शिफ्टमधली मुलं सरासरीने सारख्याच तयारीची आहेत. त्यासाठी शिफ्टचं वाटप सरमिसळ हवं आणि संख्याही मोठी हवी. २०० जणांच्या शिफ्टमध्ये दुसरा आलेला थेट ९९.५ वर येतो. २०,००० मध्ये तेवढ्याच पर्सेंटाइलवर त्याच्या पुढे १०० जण असतात.

आणि तिन्ही विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढू नका. तिन्हींत ९० असलेल्याचा एकूण पर्सेंटाइल ९० च्या वर जाऊ शकतो, कारण गणितात पुढे असलेली सगळी मुलं रसायनशास्त्रातही पुढे नसतात. एकूण पर्सेंटाइल एकूण गुणांवरून वेगळा मोजतात.