तात, शेवाळ आणि हिरडीवरचा पडदा

मिरजेच्या वाद्यबाजारात माहीत असलेली सारंगीची तात आणि ऑपरेशनच्या टेबलावरचा टाके घालायचा धागा, कॅटगट, हे भाऊबंदच. दोन्ही जनावराच्या आतड्याचे, म्हणजे मुळात कोलॅजेन हे प्रथिन. नावात ‘कॅट’ असलं तरी मांजराचा काही संबंध नाही. १८६९ च्या सुमारास ब्रिटिश सर्जन लिस्टरने कार्बोलिक या जंतुनाशकात मुरवलेला कॅटगट धमनी बांधायला वापरला. धागा अंगातच जिरतो, ही मोठी सोय. पण जिरायचा कधी? साधा कॅटगट ७ ते १० दिवसांत ताकद सोडतो. म्हणून चामडं कमावतात तसा तो क्रोमियमच्या क्षारांत पक्का करू लागले आणि मुदत वाढली. पुढे वैद्यकात आलेल्या प्रत्येक नैसर्गिक पॉलिमरची (लांब साखळीच्या रेणूंच्या पदार्थाची) घासाघीस याच दिवसांवरून झाली आहे.

‘जखम उघडी ठेव, खपली धरू दे’ हे आजही घरोघर ऐकू येतं. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या उथळ जखमा पॉलिथीनने झाकल्या आणि ओल राखली तर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने येते हे दाखवलं. तेव्हापासून समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटला भाव आला. (दंतवैद्य त्याला दातांचं माप घ्यायची पावडर म्हणून ओळखतात, दुसऱ्या महायुद्धात त्या कामाचा जपानी ‘अगर’ हा शेवाळाचाच पदार्थ मिळेना, तेव्हा ती पुढे आली.) अल्जिनेटची पट्टी जखमेच्या स्रावातलं सोडियम घेते, कॅल्शियम देते आणि जेलीसारखी होते. कोरड्या जखमेवर मात्र ती चिकटून बसते. काढताना नवी कातडीही सोबत येते.

कोळंबीच्या टरफलापासून काढलेलं कायटोसान हा असाच एक पॉलिमर. तो १ टक्का ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळवून जखमेवर लावायची पातळ फिल्म ओततात. वाळल्यावर सौम्य कॉस्टिक सोड्याने उरलेलं आम्ल मारलं नाही, तर ओल्या जखमेवर फिल्म फुगून विरघळते.

तोंडात अडचण दुहेरी: ओल आयती, पण लाळ आणि जीभ काहीच टिकू देत नाहीत. दाढ काढल्यावर खाचेत ठेवायचा जिलेटिन स्पंज १९४५ पासूनचा. सलाइनमध्ये बुडवून, दाबून हवा काढून तो बसवायचा आणि वर गॉज चावायला द्यायचा. त्याचं काम गुठळी धरण्यापुरतं, त्यामुळे लवकर विरघळला तरी चालतं. हिरडीच्या कामात तसं चालत नाही. १९८२ मध्ये नायमन व सहकाऱ्यांनी सेल्युलोजचा फिल्टर आड घालून दाखवलं की हिरडीची त्वचा आधी खाली घुसली नाही, तर दाताला हाडाशी जोडणारा मुळाभोवतीचा तंतुबंध पुन्हा धरतो. तो फिल्टर नंतर काढावा लागे. जिरणारा कोलॅजेनचा पडदा आला तो त्यासाठी. तो निदान ४ ते ६ आठवडे तग धरायला हवा.

सांगली-साताऱ्याकडे मावा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाऊन त्यातल्या सुपारीने तोंड आखडलेले रुग्ण खूप. गालाचे कडक पट्टे कापल्यावर उघड्या जागेवर कोलॅजेनचा पडदा शिवतात. आधी रक्त पूर्ण थांबवायचं. खाली गुठळी साचली की पडदा उचलला जातो. पुढे कित्येक महिने आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दातांत धरून तोंड ताणायचं, दर काही दिवसांनी एक काडी वाढवत.