नर्सिंगमधले करिअरचे मार्ग

नर्सिंगचं शिक्षण आणि रजिस्ट्रेशन झाल्यावर ज्या निरनिराळ्या कामांत जाता येतं ते सगळे मार्ग या नोंदीत येतात. प्रत्यक्ष रुग्णसेवा, शिकवणं, व्यवस्थापन आणि संशोधन असे चार भाग सहसा पाडतात, पण ही विभागणी बरीचशी कागदावरची, कारण वॉर्ड सांभाळणारी इन्चार्ज सिस्टरच नवीन मुलींना सलाइन लावायला शिकवत असते.

स्टाफ नर्स, सिस्टर इन्चार्ज, मेट्रन ही चढण सगळ्यांना माहीत आहे. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, स्क्रब नर्स सर्जनच्या हातात हत्यारं देते, सर्क्युलेटिंग नर्स बाहेरून लागेल ते पुरवते, आणि टाके घालायच्या आधी दोघी मिळून गॉज (रक्त टिपायचे कापडाचे तुकडे) मोजतात, म्हणजे एखादा आत राहायला नको.

स्पेशलायझेशनची सुरुवात नेमकी कुठून धरायची यावर मतं वेगळी आहेत. भूल देणारी पहिली नर्स हा मान काहीजण अमेरिकन यादवी युद्धात (१८६१-६५) क्लोरोफॉर्म दिल्याचं सांगणाऱ्या कॅथरिन लॉरेन्सला देतात, पण तो आधार मुख्यतः तिच्याच आठवणींचा, त्यामुळे पेनसिल्व्हेनियातल्या सिस्टर मेरी बर्नार्ड या नन यांच्यापासून, म्हणजे साधारण १८७७ पासून मोजणं जास्त सुरक्षित वाटतं. त्यांच्यानंतर अमेरिकेतले सर्जन मेयो बंधू यांच्याकडे काम करणारी अ‍ॅलिस मॅगॉ येते. तोंडावर मास्क, त्यावर इथर हे भुलीचं औषध थेंब थेंब सोडायचं, श्वास आणि चेहऱ्याचा रंग सारखा बघायचा आणि पेशंटशी हळू आवाजात बोलत राहायचं, अशी तिची पद्धत होती, आणि १९०६ मध्ये तिने चौदा हजारांहून जास्त केसेसचा आढावा छापला ज्यात भुलीमुळे झालेला एकही मृत्यू नव्हता! आज मॉनिटर हाताशी असतानाही हे काम किती नाजूक असतं हे बघितलं की त्या आकड्याचं मोल कळतं.

नर्स प्रॅक्टिशनरच्या बाबतीत एवढा वाद नाही. १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मुलांच्या आरोग्यासाठी पहिला कोर्स सुरू केला. नर्स प्रॅक्टिशनर पेशंटला तपासते, निदान करते, बऱ्याच ठिकाणी औषधंही लिहून देते, मात्र किती अधिकार मिळणार ते त्या त्या देशाच्या कायद्यावर. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने २००२ मध्ये अशा प्रगत भूमिकांची व्याख्या केली आणि २०२० च्या मार्गदर्शनात क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट आणि नर्स प्रॅक्टिशनर वेगवेगळ्या मांडल्या. दोघींना एकाच मापाने मोजू नये, कारण पहिली एखाद्या आजाराच्या किंवा विभागाच्या काळजीत मुरलेली असते आणि दुसरी थेट पेशंट हातात घेते.

हॉस्पिटलबाहेरची वाट मात्र याहून जुनी. १८५९ मध्ये लिव्हरपूलला विल्यम रॅथबोन यांनी मेरी रॉबिन्सन या नर्सला गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्यासाठी नेमलं, पुढे १८९३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिलियन वॉल्ड यांनी तसंच काम उभं केलं. शाळा, कारखाने, संसर्ग नियंत्रण, माहिती तंत्रज्ञान या शाखा नंतरच्या, आणि तिथे जायचं असेल तरी आधी काही वर्षं वॉर्डात काढलेली असावीत असं जुन्या सिस्टर आवर्जून सांगतात.