रक्त वाढलं की पाणी आटलं?

परवा ताईकडे गेलो होतो, गोव्यात फोंड्याला, तर कपाट आवरताना तिला भाच्याच्या जुन्या रिपोर्टांची फाईल सापडली आणि २०२० चा विषय परत निघाला. त्या वर्षी भाचा टीवायला होता. पाच हजार मीटर धावायचा, पहाटे उठून बांबोळीच्या ट्रॅकवर जायचा, आणि ज्या मीटसाठी चार महिने घाम गाळला ती रद्द झाल्याचा मेसेज मार्चमध्ये मोबाईलवर आला. बास, एक ओळ. मग २२ मार्चचा जनता कर्फ्यू, तो आमच्याकडे पुढे वाढतच गेला, सुरुवातीला तर किराणासुद्धा मिळेना, आणि हा पोरगा पंख्याखाली आडवा. फाईलमधे २०२० चे दोन रिपोर्ट होते. फेब्रुवारीतला, कॉलेजच्या रक्तदान शिबिराआधीचा, हिमोग्लोबिन १३.४. आणि मे महिन्यातला, पित्ताच्या त्रासासाठी डॉक्टरांनी करायला सांगितलेला, १४.४. ताई अजूनही अभिमानाने सांगते, "बघ, घरचं खाऊन दोन महिन्यांत रक्त वाढलं त्याचं! रोज काढा देत होते मी."

मी झूऑलॉजी शिकवतो, त्यामुळे अशा वेळी गप्प बसणं मला जमत नाही. म्हटलं ताई, रक्त वाढलं नव्हतं गं, कमी झालं होतं. त्यावर जे व्हायचं ते झालं. चहा मिळाला पण जरा उशिरा. म्हणून म्हटलं हे नीट लिहूनच काढावं.

आधी हे सांगतो की हंगाम बुडालेला हा एकटाच नव्हता. अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचा कारभार एनसीएए बघते, तिने १२ मार्च २०२० ला हिवाळी आणि वसंतातल्या सगळ्या चॅम्पियनशिप रद्द केल्या, आणि तेव्हा इनडोअर ट्रॅकचे धावपटू न्यू मेक्सिकोत अल्बुकर्कीला पोचलेसुद्धा होते, दुसऱ्या दिवशी शर्यती सुरू व्हायच्या होत्या! पायात स्पाइक्स घालायचे तेवढे बाकी आणि परत विमानात बसा. पुढे वसंत हंगामवाल्यांना खेळायला एक जादा वर्ष दिलं, आणि त्या नोव्हेंबरात व्हायची ती क्रॉस कंट्री चॅम्पियनशिप ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरला थेट मार्च २०२१ मधे झाली. आपल्याकडे ३६ वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा ऑक्टोबर २०२० मधे गोव्यातच व्हायची होती, आधीच इतक्या वेळा पुढे ढकललेली, ती पुन्हा ढकलली आणि शेवटी २०२२ ला गुजरातेत झाली. गोव्याच्या वाट्याला ३७ वी आली, २०२३ ला. खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्सचं पहिलं वर्ष भुवनेश्वरला १ मार्च २०२० ला संपलं आणि पुढची स्पर्धा एप्रिल २०२२ मधे बेंगळुरूला. म्हणजे मधल्या काळात जे टीवायला होते त्यांचं काय? त्यांचं काहीच नाही. त्यांना जादा वर्ष वगैरे कोणी दिलं नाही.

पण मला खरी मजा वाटते ती शरीरात काय होतं त्याची. लोकांना वाटतं व्यायाम बंद केला की मसलची चरबी होते. असं काही होत नसतं, स्नायूची पेशी वेगळी, चरबीची वेगळी, एकाचं दुसरं होत नाही. आणि धावणाऱ्याच्या बाबतीत तर पहिला फटका स्नायूला बसतच नाही. पहिलं काय जातं? पाणी. रक्तातलं पाणी.

रक्ताचे ढोबळ दोन भाग. लाल पेशी, ज्यात हिमोग्लोबिन असतं, आणि प्लाझ्मा, तो पिवळट द्रव ज्यात त्या पेशी पोहतात. प्लाझ्मात नव्वदेक टक्के पाणीच. आता आपल्या कोकमाच्या सरबताचा विचार करा. आगळ तेवढंच ठेवलं आणि पाणी कमी घातलं तर सरबत गडद दिसतं, पण कोकम वाढलं का? नाही, तांब्यातलं सरबत कमी झालं. हिमोग्लोबिनचा आकडा हा असाच असतो, एक डेसीलिटर रक्तात किती ग्रॅम. तो दाटपणा सांगतो, एकूण माल किती ते सांगत नाही.

भाच्याचं गणित करून बघू. त्याच्या अंगात साधारण साडेपाच लिटर रक्त धरा, त्यात ३.३ लिटर प्लाझ्मा आणि २.२ लिटर पेशी. १३.४ च्या हिशेबाने एकूण हिमोग्लोबिन झालं ७३७ ग्रॅम. आता प्लाझ्मा १२ टक्क्यांनी आटला, म्हणजे राहिला २.९ लिटर. एकूण रक्त ५.१ लिटर. तेच ७३७ ग्रॅम आता ५.१ लिटरमधे, भागाकार करा, १४.४५ येतं. रिपोर्टवर पीसीव्ही नावाचा आकडा असतो, रक्तात लाल पेशी किती टक्के ते सांगणारा, तोही ४० वरून ४३ वर जाणार. एक ग्रॅमसुद्धा हिमोग्लोबिन नवीन तयार न होता "रक्त वाढलं", आणि प्रत्यक्षात चारशे मिली रक्त गायब! (एका पोराच्या दोन रिपोर्टांवरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, त्या दिवशी पाणी किती प्यालेला, मशीन कुठलं, यानेही थोडा फरक पडतो. साडेपाच लिटर हाही माझा अंदाज. पण दिशा बरोबर हीच असते.)

हा प्लाझ्मा मुळात वाढतो कसा ते बघा, हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे त्यामुळे जरा लांबेल. जोरात धावलं की घाम जातो, रक्ताचा दाब आणि वाटप बदलतं, आणि शरीर घाबरून पाणी साठवायला लागतं. अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन किडनीला सांगतं की सोडियम लघवीत सोडू नको, परत घे, आणि सोडियमच्या मागून पाणी येतं. त्याच वेळी व्हॅसोप्रेसिन थेट पाणी राखायला सांगतं. पण हे पाणी नुसतं आत घेऊन उपयोग नाही, ते रक्तवाहिनीतच टिकायला हवं, नाहीतर झिरपून पेशींच्या मधल्या जागेत जाईल आणि पाय सुजतील. इथे येतं अल्ब्युमिन, लिव्हरमधे तयार होणारं प्रोटीन. एप्रिल-मेमधे आपण तोरं मिठात घालतो तेव्हा कैरीतलं पाणी बाहेर मिठाकडे ओढलं जातं ना, आणि तोर सुरकुततं, तसंच अल्ब्युमिन रक्तवाहिनीच्या भिंतीतून सहज बाहेर पडत नाही आणि आत बसून आजूबाजूचं पाणी ओढून धरतं. याला ऑन्कॉटिक प्रेशर म्हणतात. धावून आल्यावर रक्तातलं अल्ब्युमिन वाढतं आणि त्याच्यासोबत पाणी. एकाच दणदणीत वर्कआउटनंतर २४ तासांत प्लाझ्मा साधारण १० टक्क्यांनी वाढलेला प्रयोगात मोजलेला आहे. एका दिवसात! स्नायूला एवढ्या वेळात काही कळतसुद्धा नाही. आणि उष्णतेत सराव केला तर अजून वाढतो, म्हणजे आमच्या गोव्याचा घामट एप्रिल खरं तर धावणाऱ्याला फुकटची देणगी, फक्त त्या वर्षी सगळे आत कोंडलेले.

बरं, एवढं पाणी कशाला हवं? हृदयासाठी. हृदय म्हणजे नुसता ठोके देणारा पंप नव्हे, ते रबरासारखंही वागतं. बेचकीचं रबर जेवढं मागे ताणाल तेवढा दगड लांब जातो, तसं हृदयाच्या कप्प्यात जेवढं रक्त भरेल तेवढी त्याची भिंत ताणली जाते आणि तेवढ्या जोरात ती आवळते. फ्रँक आणि स्टार्लिंग या दोघांच्या नावाने हा नियम ओळखतात. अंगात रक्त जास्त, तर परत येणारं रक्त जास्त, तर भरणं जास्त, तर एका ठोक्याला फेकलं जाणारं रक्त जास्त. याला स्ट्रोक व्हॉल्यूम म्हणायचं. आता व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, तो म्हणजे स्ट्रोक व्हॉल्यूम गुणिले मिनिटाचे ठोके गुणिले स्नायूंनी दर लिटर रक्तातून काढून घेतलेला ऑक्सिजन. ठोक्यांची कमाल मर्यादा सरावाने फारशी हलत नाही. म्हणून खेळ सगळा स्ट्रोक व्हॉल्यूमवर येतो, आणि तो उभा आहे प्लाझ्मावर. (इथपर्यंत वाचलं असेल तर पुढचं सोपं आहे, नसेल तर एवढंच धरा, पाणी गेलं की पंपाला भरायला माल कमी.)

टेक्सास विद्यापीठातल्या एडवर्ड कॉइल नावाच्या शास्त्रज्ञांनी १९८६ मधे यावर इतका देखणा प्रयोग प्रसिद्ध केला की मी दर वर्षी वर्गात सांगतो, पोरं जांभया देतात तरी सांगतो. सराव असलेल्या आठ जणांना दोन ते चार आठवडे व्यायाम बंद करायला लावला. एकूण रक्त ९ टक्क्यांनी घटलं, व्यायाम करतानाचा स्ट्रोक व्हॉल्यूम १२ टक्क्यांनी, ठोके ११ टक्क्यांनी वाढले, व्हीओटू मॅक्स ६ टक्क्यांनी पडला. इथपर्यंत ठीक. मग त्यांनी काय केलं, त्याच लोकांच्या शिरेतून डेक्स्ट्रानचं द्रावण सोडलं, डेक्स्ट्रान म्हणजे साखरेची मोठी साखळी, अल्ब्युमिनसारखंच पाणी धरून ठेवणारी, आणि रक्ताचं आकारमान पहिल्याएवढं केलं. ना लाल पेशी दिल्या, ना लोह. आणि स्ट्रोक व्हॉल्यूम जवळपास पूर्ण परत आला, व्हीओटू मॅक्ससुद्धा आधीच्या आकड्याच्या अगदी जवळ! म्हणजे रक्त पातळ केलं, हिमोग्लोबिनचा आकडा पाडला, आणि पंप सुधारला. ताईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तुझ्या विद्यार्थ्यांना पाजत जा पाणी." पण नुसतं पाणी पिऊन हे होत नाही, धरून ठेवणारं कोणी नसेल तर दोन-तीन तासांत लघवीवाटे बाहेर.

पाण्यानंतर मग बाकीचं हळूहळू सुटतं. कॉइलच्याच १९८४ च्या कामात ८४ दिवस सराव बंद ठेवला होता. पहिल्या तीनेक आठवड्यांत व्हीओटू मॅक्स ७ टक्के गेला, आठ आठवड्यांपर्यंत १६ टक्के, आणि मग तिथेच थांबला. स्नायूतल्या मायटोकाँड्रियाची, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या पेशीतल्या भट्ट्यांची, एन्झाइम्स खूप घसरली. पण स्नायूभोवतीच्या बारीक केशवाहिन्या जशाच्या तशा राहिल्या. म्हणजे रस्ते शाबूत, फक्त गाड्या कमी झाल्या. त्यामुळेच जुना धावणारा तीन महिने बसला तरी कधीच न धावलेल्यापेक्षा वरच असतो. भाचा मे महिन्यात म्हणत होता, "मामा, सगळं गेलं, शून्यावर आलो." शून्यावर येत नाही रे बाबा. मात्र अंथरुणाला खिळणं वेगळं. १९६६ मधे डल्लासला विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे झोपवून ठेवलं होतं, व्हीओटू मॅक्स पाव हिश्श्याहून जास्त पडला, आणि ३० वर्षांनी त्याच पाच जणांना तपासलं तर तीस वर्षांच्या वयापेक्षा ते तीन आठवडेच महाग पडलेले दिसले.

आता काढा. आलं, मिरी, तुळस, गूळ, घशाला बरं वाटतं, मीही प्यालो, ताई दुखावू नये म्हणून दोनदा मागून. पण त्याने हिमोग्लोबिन दोन महिन्यांत एकने वाढतं हे नाही, आणि व्हायरस पळतो हे तर नाहीच. त्याच काळात घरोघर वाटलेल्या आर्सेनिक आल्बम ३० च्या गोळ्या, त्यात तर मूळ द्रव्याचा एक रेणूही सापडणार नाही इतकं ते पातळ केलेलं असतं. पातळपणाचा फायदा मी वर सांगितला, पण तो हा नव्हे.

उलटा गैरसमजही आहे, तोही सांगून टाकतो. धावणाऱ्याचं हिमोग्लोबिन थोडं कमी दिसलं की "स्पोर्ट्स अ‍ॅनिमिया आहे, चालतं" म्हणून सोडून द्यायचं नाही, विशेषतः मुलींच्या बाबतीत. लोह खरंच कमी असू शकतं, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) तपासा, डॉक्टरांना दाखवा. सगळंच पाणी नसतं.

मग कोंडलेल्या पोरांनी करायचं काय होतं? याचंही उत्तर जुनंच आहे, रॉबर्ट हिक्सन यांचं, ऐंशीच्या दशकातलं. आठवड्याला सहा दिवस सराव करणाऱ्यांनी दोनच दिवस केला, किंवा ४० मिनिटांची १३ मिनिटं केली, तरी जोर पहिल्याइतका ठेवला तर व्हीओटू मॅक्स १५ आठवडे टिकला. जोर कमी केला तर मात्र घसरला. भाच्याने नेमकं उलटं केलं, जूनमधे जरा सावरल्यावर घरामागच्या कुळागरात पोफळींच्या मधून रोज तासभर संथ जॉगिंग, शेवाळावरून दोनदा आपटला. त्यापेक्षा वरच्या देवळाच्या पायऱ्या आठवड्यातून दोनदा जीव तोडून चढला असता तर जास्त मिळालं असतं. पण तेव्हा मीही त्याला हे सांगितलं नव्हतं, मी भाकऱ्या करायला शिकत होतो.

परत ट्रॅकवर आला तेव्हा आणखी एक गंमत झाली, म्हणजे गंमत नव्हे. प्लाझ्मा आठ-दहा दिवसांत परतला, दम लागेनासा झाला, हा खुश होऊन जुन्या वेगाने पळायला लागला, आणि तिसऱ्या आठवड्यात नडगी धरून बसला. हाडं आणि टेंडन हे सगळ्यात सावकाश शिकणारे विद्यार्थी, दम आला म्हणून ते तयार झाले असं होत नाही. मग परत तीन आठवडे पंखा.

त्याच फाईलमधे तिसरा रिपोर्टपण होता, जानेवारी २०२१ चा. तेव्हा पाच हजार परत जुन्या टायमात धावत होता तो, शर्यत नव्हती कुठलीच, घड्याळ मीच धरलं होतं. हिमोग्लोबिन १३.५. ताईने तो कागद माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "हे बघ, तुझ्या नादाने पळायला लागला आणि परत रक्त कमी." त्या वर्षी म्हणे उन्हाळाभर त्याला बीट खायला लागलं होतं.