स्पीकर केबलचं री-टर्मिनेशन
स्पीकर केबलचं री-टर्मिनेशन म्हणजे अॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणाऱ्या केबलचं खराब झालेलं टोक छाटायचं, तार परत सोलायची आणि तिथे नवीन प्लग बसवायचा. हाय-एंड केबल "रिपेअर केली" असं कोणी म्हणतं तेव्हा बहुतेक वेळा एवढंच केलेलं असतं, कारण केबलला मधे सहसा काही होत नाही (कपाटाखाली चेंगरली किंवा उंदराने कुरतडली तर गोष्ट वेगळी), जे बिघडतं ते प्लगच्या मागच्या दोन-चार सेंटिमीटरमध्ये. तिथेच तार सारखी वाकते, तिथेच उघड्या तांब्याला हवा लागते आणि जोड पण तिथेच असतो.

टोकं मुख्यतः दोन प्रकारची. बनाना प्लग ४ मिलिमीटरचा, भोकात सरळ खुपसायचा. स्पेड म्हणजे चिमट्यासारखा लग (धातूची चपटी टोपी), तो बाइंडिंग पोस्टच्या, म्हणजे स्पीकर किंवा अॅम्पच्या मागच्या वायर लावायच्या खुंटीच्या, नटखाली आवळायचा आणि घेताना ६ मिलिमीटरचा की ८ चा ते पोस्ट मोजून बघायचं, नाहीतर बसत नाही. स्टेजवरच्या मोठ्या साउंड सिस्टमला स्पीकॉन असतो, फिरवून लॉक होणारा. बाइंडिंग पोस्टच्या भोकात कधी कधी लाल-काळी प्लास्टिकची बुचं दिसतात ती युरोपातल्या नियमामुळे, कारण तिकडच्या भिंतीतल्या सॉकेटच्या दोन भोकांमधलं अंतर आणि दोन पोस्टमधलं नेहमीचं अंतर सारखंच, १९ मिलिमीटर, त्यामुळे कोणी जोडी-बनाना उचलून थेट मेन्समध्ये घालू शकतो. लोक ती बुचं टाचणीने उपटून फेकतात ते सोडा.

बिघाडाची लक्षणं ओळखीचीच असतात. एका बाजूचा आवाज मधेच जातो आणि केबल हलवली की परत येतो, खरखर होते, किंवा अॅम्प आवाज जरा वाढवला की प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडतो. शेवटचं लक्षण दिसलं तर आधी टोकं बघा, केसाएवढा एखादा स्ट्रँड (केबलमधली बारीक तार) बाहेर येऊन शेजारच्या पोस्टला टेकलेला सापडतो. व्हॉल्व्ह (काचेच्या ट्यूबच्या) अॅम्पचं उलटं आहे, त्याला शॉर्टपेक्षा सुटलेली वायर जास्त महागात पडते, लोड नसताना जोरात वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

पारदर्शक पीव्हीसी असलेल्या जुन्या केबलमध्ये तांबं हिरवं पडलेलं दिसतं. हिरवा थर आत सरकत गेलेला असतो, म्हणून लालबुंद चकचकीत तांबं लागेपर्यंत थोडं थोडं छाटत मागे जायचं. कधी अर्धा फूट जातो, कधी आख्खी केबलच आतून हिरवी निघते आणि मग तिच्यावर महागडे प्लग लावण्यात अर्थ नाही. एका बाजूची केबल दहा सेंटिमीटर आखूड झाली म्हणून दुसरीही तेवढीच कापायची काही गरज नसते, तेवढ्या फरकाने सिग्नल अर्ध्या नॅनोसेकंदाच्या आसपास पुढेमागे होतो, कानाला काय कळणार.

आता सोल्डर (वितळलेल्या कथिलाने डाग मारणं) की क्रिम्प (लग दाबून तारेवर बसवणं), ज्यावर लोक तासन्‌तास भांडतात. खरं म्हणजे दोन्ही चालतात, नीट केले तर. सोल्डरिंगमध्ये अडचण अशी की हाय-एंड प्लग म्हणजे पितळेचा किंवा तांब्याचा जाडजूड ठोकळा असतो, तो सगळी उष्णता पिऊन टाकतो, आणि २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न घेऊन बसलं की कथील वितळतं पण प्लग गारच राहतो, वरून छान दिसणारा आणि आतून न चिकटलेला कोल्ड जॉइंट तयार होतो, तोपर्यंत इकडे पीव्हीसी वितळून मागे सरकलेलं असतं. ६३/३७ सोल्डर (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) १८३ अंशांना वितळतं, लेड-फ्री साधारण २१७ ला. त्यामुळे ६०-८० वॉटचं आयर्न, रुंद बिट, आणि पटकन काम उरकायचं. रोझिन फ्लक्सच (डाग नीट चिकटायला लावायची राळ) वापरायचा, प्लंबिंगचा अॅसिडवाला नाही, तो राहिला तर पुढे तांबं खातो. अजून एक, सोल्डर स्ट्रँड्समधून वर चढतं, तेवढा भाग सळईसारखा कडक होतो आणि तो जिथे संपतो नेमकी तिथेच वायर नंतर तुटते, म्हणून त्या जागेवर श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी प्लास्टिकची नळी) हवीच. ती ट्यूब डाग मारायच्या आधी वायरवर ओवून ठेवायची असते, आणि हे प्रत्येक जण एकदा तरी विसरतो.

क्रिम्पमध्ये योग्य मापाच्या डायने (दाबायच्या साच्याने) लग इतका दाबायचा की तांबं-तांबं एकमेकांत रुतून आत हवाच राहत नाही. साध्या पकडीने चेपलेला लग म्हणजे क्रिम्प नव्हे. स्क्रूवाले प्लग सगळ्यात सोपे, फक्त टोकाला कथील लावून स्क्रूखाली घालू नका, कथील मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं आणि सहा महिन्यांनी स्क्रू सैल झालेला असतो. त्यापेक्षा फेरूल म्हणजे छोटी नळी चढवून मग आवळा.

लिट्झ केबल हाताळताना मात्र सगळ्यात जास्त लोक फसतात, मीही फसलोय. यात प्रत्येक बारीक तारेवर स्वतंत्र इनॅमलचा थर असतो. मी ब्लेडने खरवडलं, प्लग लावला, मल्टीमीटर मस्त बीप वाजला, खूश झालो. पण त्या बीपचा अर्थ एवढाच की कुठूनतरी करंट जातोय. नंतर नीट मोजलं तर एका केबलचा रेझिस्टन्स जोडीदारापेक्षा बराच जास्त, कारण फक्त बाहेरच्या तारा जोडल्या गेल्या होत्या, आतल्या कोऱ्याच. यावर उपाय म्हणजे सोल्डर पॉट, ३५०-४०० अंशांच्या वितळलेल्या कथिलात टोक बुडवलं की पॉलियुरेथेनचं इनॅमल जळून जातं. धूर घातक असतो, खिडकी उघडी ठेवा.

मोजायचं कसं? साधा मीटर मिलिओहम दाखवत नाही, त्याच्या स्वतःच्या प्रोबचाच रेझिस्टन्स जास्त असतो. त्यामुळे केबलचं लांबचं टोक शॉर्ट करायचं, बेंच सप्लायने (करंट ठरवता येणाऱ्या पॉवर सप्लायने) बरोबर १ अँपिअर सोडायचा आणि जवळच्या टोकाला मिलिव्होल्ट वाचायचे, जितके मिलिव्होल्ट तितके मिलिओहम. १४ गेजची (गेजचा आकडा लहान तितकी तार जाड) ३ मीटर केबल जाऊन-येऊन साधारण ५० दाखवते, १२ गेजची तीसेक. डावी-उजवी जवळपास सारखी आली की काम झालं. चांगला जोड एक मिलिओहमच्याही खाली असतो, त्यामुळे प्लग सोन्याचा की ऱ्होडियमचा याने आवाज "उघडतो" वगैरे मला पटत नाही. सोन्याचा फायदा इतकाच की ते काळं पडत नाही, आणि तो फायदा खरा आहे.

काही केबल्स कापायच्या आधी थांबा. मधे डबी असेल तर आत इलेक्ट्रॉनिक भाग असतात, प्लगकडून कापत तिच्या पलीकडे जाऊ नका. नेम कंपनीच्या अॅम्पला स्थिर राहायला केबलचं इंडक्टन्स (करंटच्या बदलाला होणारा विरोध, तो लांबीबरोबर वाढतो) लागतं, कंपनी एका बाजूला किमान ३.५ मीटर सांगते, म्हणून तिथे "आखूड तेवढी चांगली" हा नियम चालत नाही. स्टार-क्वाड केबलमध्ये चार तारा असतात, समोरासमोरच्या दोन एकत्र पिळायच्या, शेजारच्या नाही.

शेवटी पोलॅरिटी. एका बाजूला प्लस-मायनस उलटलं की काही जळत नाही, पण बेस गायब होतो आणि गायक मधून उठून कुठेतरी भिंतीत जाऊन बसतो. १.५ व्होल्टचा सेल केबलला प्लसला प्लस असा क्षणभर टेकवला की वूफरचा कोन बाहेर यायला हवा. दोन्ही बाजूंना बघून घ्या.

टोक कापल्यावर एक गोष्ट फुकटात कळते, ती म्हणजे माल अस्सल आहे की नाही. तारेचा कापलेला भाग नीट बघा, हवं तर ब्लेडने थोडा खरवडा. वरून पांढरी आणि आतून लाल निघाली तर चांदी किंवा कथील चढवलेलं तांबं, ठीक आहे. वरून लाल आणि आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे, हातालाही हलकं लागतं, आणि त्याच्यावर नवीन प्लग लावायच्या आधी पावती शोधायला घ्या.