सांगली शहराचा पाणीपुरवठा

सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये एकच महापालिका झाली. हळदीची बाजारपेठ, मिरजेचे रेल्वे जंक्शन व दवाखाने, कुपवाडची एमआयडीसी यांच्यामुळे वस्ती वाढत गेली; २०११ च्या जनगणनेत ती पाच लाखांवर होती. या साऱ्यांची तहान मुख्यतः कृष्णा भागवते.

पात्रालगतच्या जॅकवेलमधून, म्हणजे नदीचे पाणी घेणाऱ्या खोल विहिरीतून, पाणी उपसतात. तुरटीने गाळ खाली बसवून, वाळूतून गाळून आणि क्लोरीन मिसळून ते उंच टाक्यांत चढवतात. तेथून एकेका भागाला ठरल्या वेळी पाणी सोडले जाते.

पाणी कमी पडते ते उन्हाळ्यात, आणि त्याचे मूळ शहराबाहेर आहे. पावसाळा सरला की कृष्णेची धार बव्हंशी कोयनेतून किती पाणी सोडले यावर ठरते. कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी (अब्ज घनफूट). पण त्यातले ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वीजनिर्मितीसाठी सह्याद्रीपलीकडे वळवता येते. उरलेले कराडच्या प्रीतिसंगमातून खाली येताना टेंभू व ताकारी या उपसा सिंचन योजनांचे पंप आणि काठचा ऊस आपापला वाटा उचलतात. विसर्ग थांबला की सांगलीत पात्राचा तळ दिसू लागतो. तरीही एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला याच नदीचे पाणी मिरजेहून रेल्वेने गेले. पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. सांगलीकरांना त्याचा अभिमान वाटतो, आणि तो रास्तच आहे.

महापुरात हाल उलटे होतात. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. उपसा यंत्रणाच पाण्याखाली गेल्यावर पुराने वेढलेल्या घरांना पिण्यासाठी बाटल्या आणि टँकरची वाट पाहावी लागते. हरिपूरच्या जमिनीतल्या पेवांत पिढ्यान्‌पिढ्या हळद टिकत असे. २००५ च्या पुरात पाणी शिरून तीही नासली.

सर्वांत जुने दुखणे शेरी नाल्याचे. वाढत्या शहराचे सांडपाणी या नाल्यातून कृष्णेत उतरते. ते उपसून धुळगावच्या शिवारात न्यायचे, शुद्ध करून शेतीला द्यायचे, अशी योजना आखली गेली. तरी नाल्याचे पाणी नदीत मिसळत राहिले. नदीला पाणी भरपूर असताना ते विरून जाते. धार आटली की बंधाऱ्यामागच्या डोहाला काळपट रंग आणि उग्र वास येतो. याच प्रवाहात खाली मिरजेचा कृष्णाघाट आहे.