लव्हेंडर तेल सूज उतरवतं, हे आलं कुठून?

आमच्या सोलापुरात पूर्व भागात घरोघरी बायका विड्या वळतात, दिवसभर मान खाली, मांडीवर सूप, आणि संध्याकाळी खांदा भरून येतो, बोटांची पेरं सुजतात. शेजारच्या अक्कांच्या सुनेने मागच्या उन्हाळ्यात ऑनलाइन लव्हेंडर ऑइल मागवलं, बाटलीवर सूज कमी करतं असं लिहिलेलं. अक्कांनी मला विचारलं, खरंच उतरते का गं? मग मी वाचायला बसले.

झाड जुनं आहे. पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने याच कुळातल्या एका झुडपाबद्दल लिहिलंय, छातीच्या दुखण्यावर. तेच युनानीत आलं, उस्तुखुद्दूस म्हणून, आजही युनानी औषधांच्या दुकानात मागितलं तर सुकी फुलं पुडीत बांधून देतात. पण ती जात वेगळी, आणि बाटलीतलं तेल ज्या लव्हेंडरचं असतं ते फ्रान्सच्या डोंगरांतलं, आता आपल्याकडे जम्मूच्या भदरवाहमध्येही मका सोडून शेतकरी ते लावतात.

तेलाला औषध म्हणून नाव मिळालं ते गातफॉसे या फ्रेंच केमिस्टमुळे. १९१० मध्ये लॅबमध्ये स्फोट होऊन त्याचे हात भाजले. भाजलेला हात त्याने घाईत लव्हेंडरच्या भांड्यात बुडवला आणि बरा झाला ही गोष्ट सगळीकडे फिरते, पण त्याने स्वतः लिहिलंय ते वेगळं, जखमेत गँगरीन सुरू झालं होतं आणि लव्हेंडरच्या अर्काने धुतल्यावर ते थांबलं. १९३७ मध्ये त्याने पुस्तक काढलं आणि अरोमाथेरपी, म्हणजे सुगंधी तेलांनी उपचार, हा शब्द रुळला. इथे एक लक्षात घ्या, त्याचा मुद्दा जखम आणि जंतूंचा होता, सुजेचा नव्हताच.

सुजेचा धागा दुसरीकडून येतो. १९६२ मध्ये एक चाचणी निघाली, समुद्री शेवाळातून काढलेला कॅराजीनन नावाचा पदार्थ उंदराच्या पंजात टोचायचा, दोन-तीन तासांत पंजा टम्म फुगतो, मग तो द्रवात बुडवून द्रव किती वर चढला यावरून सूज मोजायची. सुजेवरची कितीतरी औषधं याच चाचणीतून गेलीत. २००२ मध्ये सार्डिनियातल्या संशोधकांनी लव्हेंडर तेलातले दोन मुख्य घटक, लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट, उंदरांना देऊन पाहिले, सूज कमी भरली. पुढच्या वर्षी इराणमध्ये इस्फहानला अख्खं तेल देऊन तसंच दिसलं. म्हणजे दावा हवेतला नाही, पण पाया उंदरांचा आहे, आणि उंदराला डोस वजनाच्या हिशोबाने पोटातून किंवा टोचून मिळतो, खांद्यावर लावलेल्या थेंबातून आत किती पोचतं हा प्रश्न वेगळाच. इराणमध्ये गुडघेदुखीवाल्यांना लव्हेंडरने मालिश करून पाहिली, आठवडाभर दुखणं कमी वाटलं, चार आठवड्यांनी फरक टिकला नाही. शिवाय मालिशनेही बरं वाटतंच की.

आणि लिनालूल काही परदेशी वस्तू नाही, आपल्या धन्यांच्या तेलात तर निम्म्याहून जास्त तेच असतं! धने भाजताना वास उठतो त्यात त्याचाही वाटा असतो.

मला काळजी वाटली ती बाटलीची. हवा लागली की लिनालूल बदलतं आणि त्यातून जे तयार होतं त्याची कातडीला ॲलर्जी होऊ शकते. अक्कांची बाटली पत्र्याखालच्या फळीवर, अर्धवट टोपण, मे महिन्यात, पाऱ्याने चाळिशी कधीच ओलांडलेली. आणि तेल कशात न मिसळता तसंच लावत होत्या, मनगटावर पुरळ उठलेलं. ती बाटली टाकायला लावली. नवीन आणली ती माठाशेजारी, घट्ट बंद. आता सून एक चमचा खोबरेल तेलात दोन थेंब घालते आणि रात्री विड्यांचा हिशोब झाला की अक्कांचा खांदा चोळून देते. बोटांची पेरं मात्र डॉक्टरला दाखवा म्हणून मी मागे लागलेय.