दोघांच्या अल्बमसाठी येताय? आधी तारांचं बघा

ब्लूज, फोक आणि रॉक मिसळून वाजवणाऱ्या जोड्या हल्ली आमच्या स्टुडिओत बऱ्याच येतात. एक गिटार, एक तालवाद्य आणि दोघांतला एक गाणारा. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तो दलदलीतून आल्यासारखा ओलसर आवाज कुठल्या प्लगइनने येतो?"

प्लगइन, म्हणजे कॉम्प्युटरवर आवाजाला रंग देणारी सॉफ्टवेअर, आहेत, पण तो आवाज बराचसा वाजवण्यातून आणि खोलीतून येतो. ब्लूज गायक स्लिम हार्पोची १९५७ ची पहिली रेकॉर्ड अमेरिकेत, दलदलींच्या लुइझियानातल्या क्राउली या छोट्या गावी, जे. डी. मिलर यांच्या स्टुडिओत झाली. संथ लय, थरथरणारी गिटार, माउथ ऑर्गन आणि खोलीचा घुमारा, एवढ्यावर तिथल्या रेकॉर्ड उभ्या आहेत. तिथलाच एक वादक लेझी लेस्टर तर तालासाठी पुठ्ठ्याचं खोकं आणि गुंडाळलेलं वर्तमानपत्रही वाजवायचा. (खोकी आमच्याकडे भरपूर आहेत, मागून घ्या.) आणि याच ओलसर आवाजासाठी ओळखला जाणारा क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल हा रॉक बँड कॅलिफोर्नियाचा, त्यामुळे दलदलीकाठी जन्म घ्यायची सक्ती नाही!

म्हणून आम्ही दोघांना एकाच खोलीत, समोरासमोर बसवून, क्लिकशिवाय (म्हणजे कानात तालाची टकटक न लावता) रेकॉर्ड करतो. "दुसरीकडे आधी गिटार, मग आवाज घेतात, चूक नंतर सुधारता येते," असं आम्हाला ऐकवलं जातं. खरं आहे. पाच जणांचा बँड असेल तर आम्हीही तसंच करतो. पण दोघांच्या गाण्यात एकाने ओढायचं आणि दुसऱ्याने सांभाळायचं, हीच तर गंमत. वेगवेगळं घेतलं की ताल नीट बसतो आणि गाणं मात्र बसकण मारतं.

या पद्धतीची किंमत एका ठिकाणी मोजावी लागते, आणि तिथेच बहुतेकांचा वेळ जातो. गिटारसमोरच्या माइकमध्ये गाणाऱ्याचा आवाजही शिरलेला असतो. गिटार बेसूर झाली आणि नंतर कॉम्प्युटरवर तिचा सूर वर सरकवला, तर तिच्यामागचा गळाही वर सरकतो. मग एकाच माणसाचे दोन गळे, एक सुरात आणि एक किंचित वर, असं भुताटकीसारखं ऐकू येतं. तो टेक गेला म्हणायचा.

आणि गिटार बेसूर का होते? रेकॉर्डिंग आहे म्हणून हौसेने सकाळीच तारा बदललेल्या असतात! नवी तार ताणली जाऊन स्थिरावेपर्यंत उतरत राहते, त्यात एसी आणि बाहेरची हवा यांचा फरक. परवा एका जोडीच्या चार तासांपैकी सव्वा तास नुसता कान पिळण्यात गेला, म्हणजे गिटारचे. पैसे घेताना आम्हालाच संकोच वाटला. (घेतले.) शिवाय कोऱ्या तारांचा छनछनाट या बाजाला शोभतही नाही, थोड्या वाजवून मुरलेल्या तारा जास्त बऱ्या.

तेव्हा तारा दोन-तीन दिवस आधी बदला, हाताने हलकेच ओढून ताणा, रोज तासभर वाजवा. वेळ नसेल तर गिटार दोन दिवस आधी आमच्याकडे ठेवा. आम्ही तारा घालून, वाजवून, सुरात आणून ठेवतो. पूर्ण दिवसाच्या बुकिंगवर मजुरी नाही, फक्त तारांचे पैसे. स्लाइड (तारांवर नळी सरकवून) वाजवणार असाल आणि ओपन ट्यूनिंग (मोकळ्या तारांतच कॉर्ड वाजेल अशी जुळणी) लागणार असेल तर तेव्हाच सांगा. ऐन वेळी ट्यूनिंग बदललं की सगळ्याच तारा पुन्हा हलतात. शक्य असेल तर दुसरी गिटार आणा, नाहीतर आमची वापरा, तिचं भाडं लावत नाही.

ढोलकी आणणाऱ्यांसाठी एवढंच: पावसाळ्यात तिचं चामड्याचं पान ओल धरतं आणि सूर उतरतो, म्हणून तासभर आधी या आणि ती खोलीत रुळू द्या. हा तास आम्ही बिलात धरत नाही. ट्रेमोलोवाला, म्हणजे गिटारला ती थरथर देणारा, जुना अँप (अँप्लिफायर) इथे आहेच, तुमचा जिन्यावरून चढवू नका. लिफ्ट नाही.